भंडाऱ्याच्या गाडीतला डबा

मी मंगरूचा डबा. तीन पुडांचा, स्टीलचा, एका कडीला तार गुंडाळलेला. तुमसरच्या बाजारातून त्याने मला घेतलं आणि बारा वर्षं चिखल्याच्या मँगनीज खाणीत रोज सोबत खाली नेलं. तिथल्या अंधाराची मला कधी भीती वाटली नाही. चार माणसं मला मध्ये ठेवून जेवत, एवढं मला पुरे होतं.

मग मंगरूची मुलगी डिंपल भंडाऱ्याला कॉलेजात गेली. फी भरली, खोली घेतली. मेसचा खर्च ऐकून मात्र तिची आई विमलाबाई हबकलीच.

"मेसले कायले पैसे द्याचे? सकाळची गाडी जाते ना भंडाऱ्याले? डबा पाठवीन मी."

मंगरूने मला लेकीसाठी दिलं आणि स्वतः फडक्यात पोळ्या बांधून खाणीत जाऊ लागला.

गाडी साडेनवाला पोचायची आणि दहा मिनिटांत परत फिरायची. तेवढ्यात डिंपलने स्टँडवर यायचं, भात-भाजी आपल्या भांड्यात काढायची आणि मला रिकामं ड्रायव्हर धनीरामच्या हाती द्यायचं. दहाला तिचं प्रॅक्टिकल असे.

पण गाडी वेळेवर येईल तर ना! कधी रेल्वे फाटक बंद, कधी टायर बसलेला. अकरा वाजायचे. डिंपल ओढणीचं टोक पिळत उभी असायची.

"सर दारातूनच परत पाठवतात, काका," ती एकदा धनीरामला म्हणाली.

"मंग घरी सांगून टाक ना, बाई."

"कसं सांगू? आई पाचले उठून रांधते. बाबानं सोताचा डबा देल्ला मले."

मी हे ऐकलं आणि त्याच गाडीने घरी आलो. विमलाबाईने रिकामे पूड उघडले नि हसली, "पोट्टीनं सारं खाल्लं वाटते!" मला ओरडावंसं वाटलं. पण मी डबा. झाकण खडखडलं तरी त्याचा अर्थ कोण लावणार?

मार्चमध्ये हजेरीची यादी लागली. डिंपलला परीक्षेला बसता येणार नव्हतं. मंगरू सुट्टी टाकून कॉलेजात गेला, तासभर टेबलासमोर उभा राहिला. नियम आहे, एवढंच त्याला ऐकायला मिळालं.

"काहून नाही सांगितलं तू?" घरी विमलाबाईने विचारलं. "गाडी उशिरा येत होती, पण तू पाचले उठून रांधत होती, कसं सांगू?" डिंपल म्हणाली. मग आईच तोंडाला पदर लावून रडायला लागली. "माह्याच डब्यानं केलं हे."

मेसचे वाचले, त्याहून जास्त आता पुन्हा फीमध्ये जाणार. वर्ष गेलं ते वेगळंच.

मंगरूने मला परत खाणीत नेलं नाही. मी फळीवर पालथा पडून आहे. मला कोणी रागावत नाही. माझ्याकडे कोणी बघतही नाही. जुलैत डिंपल पुन्हा जाईल, मेसमध्ये जेवेल.

पोरी, मला तोंड नव्हतं, तुला होतं. या खेपेला काही अडलं तर घरी सांग. आईला वाईट वाटेल. वाटू दे.