नव्या गिऱ्हाइकाचं 'नेहमीचं'

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनीच्या बेकरीच्या मागच्या दाराशी मोटारसायकली अशा लागल्या होत्या, की शेजाऱ्यांना आपल्याच घराच्या पायऱ्या उतरता येईनात. हेल्मेटवाले पिशव्या उचलत होते आणि त्यांच्यामागे बघे दाटले होते. शिंपी आला होता, घड्याळवाला आला होता, किल्ल्या करणारा तर दुकान उघडं टाकून आला होता. सगळ्यांच्या नजरा भट्टीशेजारच्या फळीवर ठेवलेल्या टॅबवर खिळलेल्या. तो 'टिंग' वाजला की पडद्यावर रंगीत तुकडे उडायचे आणि अक्षरं उमटायची, 'अभिनंदन! नवीन गिऱ्हाईक!'

"परत आलं!" शिंपी म्हणाला. हात जोडायचेच काय ते बाकी होते.

टॅब आणणारा, घरपोच माल मागवायच्या ॲपच्या कंपनीचा माणूस मधोमध उभा होता. गल्लीने त्याचं नाव टिंगबाबा ठेवलं होतं आणि त्याला ते आवडलंही होतं.

"काकू, तुम्ही फक्त भाजायचं. गिऱ्हाईक आम्ही आणणार. फक्त शंका घ्यायची नाही हं! शंका आली की हात ढिला पडतो, हात ढिला पडला की तारे उतरतात."

तारे म्हणजे त्या ॲपवर दुकानाला मिळणारे गुण. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून बाबा लोकांच्या हातचलाख्या उघड्या करून दाखवतो. शंका घेऊ नका, हे वाक्य मी प्रत्येक बाबाच्या तोंडून ऐकलंय. एरवी माझं डोकं तापलं असतं. पण माझा थोरला भाऊ गेल्यापासून मला कशाचंच फारसं काही वाटेनासं झालंय. बेकरी त्याची. आता वहिनी एकटी चालवते आणि शाळा सुटली की मी येऊन खोकी जुळवतो. तशीच जुळवत होतो.

त्या संध्याकाळी वहिनी दुकानाची पुढची खोली सोडणार होती. रस्त्याकडचं शटर, काचेचं कपाट, भावाने स्वतः रंधा मारून केलेलं काउंटर, सगळंच. गिऱ्हाईक दारात येत नाही तर दार हवंच कशाला, असा टिंगबाबाचा सल्ला होता. घरमालक किल्ली न्यायला येणार होता. खोली परवडत नव्हती, हेही खरंच. चमत्कार सुरू झाल्यापासून वहिनी पूर्वीपेक्षा जास्त भाजत होती आणि तिच्या हाती पूर्वीपेक्षा कमी उरत होतं.

"सुरुवातीला असंच असतं, काकू," टिंगबाबा म्हणायचा. "धीर धरा. कृपा एकदम होत नाही."

टिंग. अभिनंदन. वहिनीने पडद्याकडे पाहिलं, ट्रेच्या कडेचा एक करपलेला पाव उचलला आणि खोक्यात ठेवला.

"हा कशाला?" मी विचारलं. "असले तर आपण बाजूला काढतो."

"त्यांना तोच लागतो."

"कोणाला?"

मी पडदा वाचला. नाव नाही, फोन नंबर नाही. गिऱ्हाइकाची ओळख कंपनी दुकानदाराला देत नसे. एक पाव, आणि खाली सूचनेच्या जागी एकच शब्द, 'नेहमीचं'.

"साहेब, हे गिऱ्हाईक नवीन ना?" मी टिंगबाबाला विचारलं.

"अगदी कोरं करकरीत."

"मग त्याचं नेहमीचं कुठून आलं?"

शिंप्याला खुदकन हसू आलं. टिंगबाबा म्हणाला, "सर, होतात असे योगायोग."

"टायपिस्ट मावशी," वहिनी हळूच म्हणाली. "समोरच्या इमारतीतल्या. ह्यांच्या वेळेपासून 'नेहमीचं' एवढंच म्हणतात आणि करपलेल्या कडेचाच नेतात. मध्यंतरी यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, कशावरून तरी रागावल्या."

खोकं घेऊन आम्ही रस्ता ओलांडला. मोटारसायकलवाला किक मारून तयार होता, तो पत्ता वाचून आमच्याकडे बघतच राहिला. शिंपी न बोलावता मागोमाग आला.

मावशींनी दार उघडलं. "अगंबाई, तू कशाला आलीस? आणून द्यायचे वेगळे पैसे घेतलेत माझ्याकडून!"

"मावशी, तुम्ही दुकानात का येत नाही?"

"गुडघा धरला होता गं. भाचीने फोनवर तुझ्या दुकानाचं नाव टाकलं, तर पहिलं हेच पान आलं. तुझ्या काउंटरचा फोटोसुद्धा आहे. मला वाटलं, तूच काढलंयस, तुला बरं पडत असेल. पाव महाग केलास, तरी बोलले नाही. म्हटलं, एकटी आहे बिचारी."

"मी कुठे महाग केला?" वहिनी म्हणाली. "मला तर आधीपेक्षा कमी मिळतात. कंपनीचा वाटा कापतात, वर नव्या गिऱ्हाइकाची म्हणून दाखवलेली सवलतही माझ्यातूनच. नवीन माणसं येतायत म्हणून सोसत होते."

दोघींनीही एकमेकींसाठीच सोसलं होतं.

मी मावशींच्या फोनवर दुकानाच्या नावाखालचा नंबर पाहिला. तो वहिनीचा नव्हता. माझ्या फोनवरून लावला. एक गोड आवाज आला, "आपला कॉल जोडत आहोत," आणि मग वहिनीच्या हातातला फोन वाजला. तिने उचलला. मी तिच्यासमोर उभा राहून एक पाव मागितला. ती "बरं" म्हणाली. थोड्या वेळाने तिच्या फोनवरही टिंग वाजलं. नवीन गिऱ्हाईक! ते नवीन गिऱ्हाईक म्हणजे मी, तिचा सख्खा दीर. माझ्यावरही कंपनीचा वाटा लागला होता.

चमत्कार तो एवढाच. हवेतून अंगठी काढणारा बाबा ती आधी तुमच्याच बोटातली लांबवतो. इथे दुकानाच्या नावापुढे कंपनी आपलं पान आणि आपला नंबर लावून बसली होती. वहिनीला शोधत निघालेलं माणूस वाटेत कंपनीच्या हाती लागायचं, आणि कंपनी ते नवीन म्हणून तिलाच विकायची. काही खरोखर नवीनही असतील, नाही असं नाही. पण ते कोणते, हे वहिनीला कळायची सोय नव्हती. ओळख झाकली होती ती त्यासाठीच.

परत येऊन मी हे सगळं गल्लीसमोर सांगितलं. बाबा पकडला गेला की पळतो, असा माझा अनुभव. हा पळाला नाही. "सर, अटींमध्ये सगळं लिहिलंय," म्हणाला. पाणी मागून प्यायला आणि घड्याळवाल्याबरोबर त्याच्या दुकानात गेला, टॅब लावायला. मला रागही आला नाही.

"कळलं, भावजी," वहिनी म्हणाली. "पण हे बंद केलं, तर उद्या मला शोधायचं कोणी? नाव टाकलं की तेच येणार."

बाबाची हातचलाखी दाखवली की माझं काम संपतं, इथे संपत नव्हतं.

घरमालक आला. वहिनीने किल्ली दिली नाही. एक महिना द्या म्हणाली. तो कुरकुरला, पण कबूल झाला. मग तिने टॅब उलटा करून ठेवला आणि कागदी पिशव्यांवर आपला स्वतःचा नंबर लिहायला बसली.

सकाळी शटर वर गेलं. मावशी भाचीच्या हाताला धरून आल्या. मग आणखी दोघं-तिघं. गर्दी झाली नाही, आणि बघायलाही कोणी आलं नाही.

माझं सांगणं साधं आहे. कोणी नवीन म्हणून काही हातावर ठेवलं, तर ते कालपर्यंत कोणाचं होतं, हे विचारा. घरबसल्या मागवायची गरज असेल तेव्हा जरूर मागवा, पण दुकानदाराचा खरा नंबर दुकानदारालाच विचारून घ्या. आणि दुकान समोरच असेल, पाय धड असतील, तर रस्ता ओलांडा. महिन्याभरात पुरेशी माणसं आली नाहीत तर वहिनी किल्ली देणार आहे. तिने तसं घरमालकाला सांगूनच ठेवलंय.