ताईची मंगळवारची फाइल

ताईने एका श्रोत्याला शिवी दिली म्हणून तिचा कार्यक्रम बंद केला, असं रेडिओवाला साहेब सगळ्यांना सांगत सुटला, तेव्हा ताईच्या धाकट्या बहिणीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

ताई तीस वर्षं नर्स होती. निवृत्तीनंतर इंटरनेटवरच्या एका छोट्या रेडिओवर ती दुपारी तीनला लोकांच्या दुखण्याखुपण्यांना उत्तरं द्यायची. नेमकी त्याच वेळी धाकटीच्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड. मशीनच्या खडखडाटात ऐकू काय येणार, कपाळ! म्हणून तिने कॉम्प्युटरवर रेडिओ रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर टाकलं होतं. तीनला ते आपोआप सुरू व्हायचं, साडेतीनला थांबायचं, की तारखेची फाइल तयार.

ताईने शिवी दिली म्हणत होते, त्या मंगळवारची फाइल तिने लावली. शिवी कुठली आलीय! ताई एका आजोबांना सांगत होती, "बाबा, ते टॉनिक रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर घेऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा." टॉनिक कुणाचं, तर रेडिओला रोज जाहिरात देणाऱ्याचं. इथंच घोडं पेंड खात होतं.

धाकटी हातातलं काम टाकून स्टुडिओत धडकली.

"आमच्याकडचं रेकॉर्डिंग पुसलं गेलंय हो," साहेब चहा ढवळत म्हणाला.

"माझ्याकडचं नाही." तिने मोबाइलवर फाइल लावली, आवाज पूर्ण मोठा करून.

साहेबाचा चेहरा उतरला. "बरं, ताईंना परत घेऊ. ती फाइल तेवढी काढून टाका."

"चोर तो चोर, वर शिरजोर! उद्या तीनला स्वतः सांगा, मी खोटं बोललो म्हणून. नाहीतर ही फाइल घरोघरी जाईल."

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी दुकानात कान लावून बसल्या. साहेब पुटपुटला, "थोडा गैरसमज झाला होता."

"गैरसमज?" धाकटीने कात्री आपटली. "खोटं बोललो म्हण की, मेल्या!"

ताई म्हणाली, "पाठव ती फाइल. माझ्यासाठी नको गं. साहेबाचं ऐकून ते आजोबा अजून पीत असतील ते टॉनिक."

संध्याकाळपर्यंत फाइल सगळीकडे पोचली. आजोबांनी बाटली ओतून दिली, असं त्यांच्या सुनेने कळवलं. साहेबाचे फोनवर फोन आले, पण ताई परत गेली नाही.

धाकटीचा राग मात्र उतरेना. चार दिवस ती गिऱ्हाइकांवरही खेकसत होती.