मार्तेचं माहेर

मार्तेला जात मिळाली ती रविवारी, जेवणं आटोपल्यावर. भात, आलू-वांग्याची भाजी आणि बुंदी खाऊन समाजातली चार मोठी माणसं सतरंजीवर टेकली, सुपारी कातरली गेली, आणि पोलंडहून आलेली ती उंचच उंच पोरगी मीराबाईंच्या मांडीवर बसली. एवढंच. तोंडातली सुपारी संपायच्या आत ती जातीची झाली.

मी शेजारी उभी होते, दुभाषी म्हणून. ती ज्या घरची धाकटी सून होणार होती, त्या घरची मी थोरली; माहेर बौद्ध. हेमराजशी माझं लग्न चंद्रपूरला रजिस्टर पद्धतीनं झालं, तेव्हा त्याच्याकडून एक मित्र तेवढा आला होता. आमची चंचल आता पहिलीत आहे, आणि नागभीडजवळच्या या घरात स्वयंपाकघराचा उंबरठा मी अजून ओलांडलेला नाही. सणाला आलो की माझं ताट ओसरीवर येतं. ते वेगळं घासलं जातं हे मला कुणी सांगितलं नाही. डोळे आहेत, दिसतं.

म्हणून गेल्या महिन्यात सासूबाईंचा, गुणाबाईंचा फोन आला तेव्हा मी स्क्रीनवरचं नाव दोनदा वाचलं. आजवर त्यांनी कधी माझा नंबर लावला नव्हता.

"धनराज गोरी नवरी आणून राह्यला," त्या म्हणाल्या. धनराज माझा धाकटा दीर. "तिले आपलं काई समजत नाई. तू शाळेत इंग्रजी शिकवते, तर रजा टाकून ये." आणि मी काही बोलायच्या आत, "तिच्या बाजूनं इथी कोणीच नाई. आपली चंचलच करवली राहीन."

आपली चंचल. तेवढ्यावर मी विरघळले, दुसरं काय. करवली म्हणजे मांडवात नवरीच्या मागे कलश धरून उभी राहणारी पोर. सगळं गाव तिच्याकडे बघतं, ही कोणाची म्हणून विचारतं, आणि कुणीतरी उत्तर देतं. मला ते उत्तर भर मांडवात ऐकायचं होतं. आम्ही राहतो त्या राजुऱ्याच्या टेलरकडून तिला मोरपंखी घागरा शिवून घेतला आणि आलो.

मार्ता चांगली होती, हीच तर पंचाईत. साडी नेसवताना निऱ्या खोचायला गेलं की गुदगुल्या होऊन खिदळायची. उखाणा पाठ करायला बसली की धनराजचं नाव सोडून सगळं विसरायची. घरात मी नुसती मयुरी; ती मात्र मला दीदी म्हणायची. चंचल तर दिवसभर तिच्या अंगाखांद्यावरच असायची.

मग बापूरावांनी शंका काढली. ते समाजातलं मोठं प्रस्थ. जात नाही, कूळ नाही, अशा पोरीचं कन्यादान करणार कोण? तोडही त्यांनीच काढली. त्यांनी आणि मीराबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मार्तेला लेक म्हणून मांडीवर घ्यायचं, ओटी भरायची, आपलं आडनाव द्यायचं.

मांडीवर बसण्याआधी मार्तेनं मला इंग्रजीत विचारलं, "पण माझी आई जिवंत आहे. उद्या नागपूरला उतरतेय ती. मग ही दुसरी आई कशाला?"

"काय म्हणते ते?" बापूरावांनी विचारलं.

"म्हणते, माझं भाग्य," मी सांगितलं. साफ खोटं. पण तिकडे चंचल घागरा घालून गिरक्या घेत होती, आणि हे लग्न अडू न देता मला तिचा कलश वाचवायचा होता.

सगळे खूश झाले. मार्ता मीराबाईंच्या मांडीत मावेना म्हणून हसणं झालं, ओटी भरून झाली, आणि लगेच मीराबाई म्हणाल्या, "आता पोरगी आमची झाली. मंग करवली आमची पिंकी राहीन." पिंकी त्यांची नात.

मी सासूबाईंकडे वळले. "आई, चंचलचं ठरलं होतं ना?"

"तवा तिले कोणी नव्हतं व. आता माहेर झालं तिचं."

"मग दोघी उभ्या राहतील."

मीराबाईंनी पदर सावरला. "कलशातलं पाणी देवाले लागते, बाई," त्या म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता.

समजायचं ते मी समजले. माझे सासरे, नानाजी, पानाच्या डब्यात सुपारी शोधत राहिले. हेमराज मांडवाची दोरी बांधत होता. तो ती बांधतच राहिला. त्या मीराबाईंपेक्षा मला त्याचाच राग जास्त आला.

मी मार्तेला खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. मांडी कशासाठी होती आणि पाण्याचं काय आहे, ते शाळेत धडा समजावते तसं, आवाज न चढवता. ती ढसाढसा रडली. मला मिठी मारून म्हणाली, असं असेल तर मी हळदीला बसणारच नाही. खरं सांगते, माझा तिच्यावर विश्वास बसला. तिनं धनराजला बोलावलं आणि दार लागलं.

दार उघडलं तेव्हा आधी धनराज बाहेर आला. "मयुरी, तू काऊन सांगतलं तिले हे? लग्न तर होऊन जाऊ दे. मंग बोलू ना आपण सगळ्यायशी." त्याच्या मागे मार्ता, मीच नेसवलेल्या पिवळ्या साडीत. जाता जाता तिनं माझा हात दाबला. "लग्नानंतर. प्रॉमिस," असं पुटपुटली आणि पाटावर जाऊन बसली.

बाया गाणी म्हणू लागल्या, हळद लागू लागली. पिंकी कलश घेऊन मागे उभी राहिली होती. चंचल माझा पदर ओढून विचारत होती, माझी पाळी कधी? मार्तेची नजर तिच्यावर गेली आणि तिनं मान खाली घातली. मग रडत रडत, सगळ्यांच्या देखत, तिनं मला इंग्रजीत विचारलं, "दीदी, तुला का नाही कुणी मांडीवर घेतलं?"

सासूबाईंचा हळदीचा हात थांबला. "काय म्हणते व ते? काऊन रडून राह्यली?"

आता वाचवायला काही उरलं नव्हतं. मी शब्द न शब्द सांगितला. "ते विचारते, मयुरीले काऊन नाई घेतलं कोणी मांडीवर?"

गाणं बंद पडलं. हेमराजनं मान वर केली नाही. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं, आणि मला वाटलं आता त्या काहीतरी बोलतील. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

"तिले सांग," त्या म्हणाल्या, "तोंड वर कर. हळद वाळून राह्यली."

मी सांगितलं. मार्तेनं तोंड वर केलं.