चांदीच्या पाण्याची तपकिरी बाटली

मित्रांनो, धुळ्यातल्या एका दवाखान्याच्या उंच फळीवर बसलेली जुनी बाटली मी आहे. माझी काच मुद्दाम तपकिरी केलेली आहे, कारण माझ्यातले औषध उजेड लागला की काळे पडते. उजेड अडवणे हे माझे काम, आणि मला त्याचा अभिमान आहे.

चाळीसगावहून रेल्वेने मी इथे आले. बिडी सोडायला येणाऱ्यांना डॉक्टर लवंग चघळायला देत, कुणाला चिरायत्याचा काढा. त्याने गुण आला नाही, तर माझी पाळी. माझ्यात चांदीच्या क्षाराचे पातळ पाणी असे. त्याची गुळणी करून थुंकायचे, गिळायचे मुळीच नाही. मग बिडीची चव विटते.

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनातला कामगार पितांबर असाच आला. कापसाच्या गंजीजवळ त्याच्या बिडीची ठिणगी पडली होती. मुकादम झुलाल म्हणाला होता, "आते बिडी दिसनी तं घर जाय." पुन्हा बिडी दिसली, तर काम जाणार होते, आणि जिनाच्या कामावर पितांबरचा जीव होता.

मी त्याच्या घरी गेले. तरीही बिडी त्याला गोडच लागे. गुळण्या करतोस की दूध पितोस, असे सोबती विचारत. शेवटी हार मानून तो बायकोसह मला परत द्यायला आला. डॉक्टरांनी औषध वाटीत ओतले, तर ते दुधासारखे पांढरे. यात काय घातले, असे त्यांनी विचारले.

त्याची बायको भिकुबाई म्हणाली, "मीठ टाकं, भाऊ. बिगर मीठनी गुळनी ऱ्हास का?"

डॉक्टर हसले नाहीत. मीठ पडले की चांदीचा पांढरा साका होऊन तळाशी बसतो आणि औषध निकामी होते, हे त्यांनी समजावले. मला शुद्ध पाण्याने धुऊन पुन्हा भरले.

दुसऱ्या सकाळी गुळणीनंतर पितांबरने एकच झुरका घेतला.

"तांबं चाटेलसारखं लागस," तो म्हणाला.

"मंग फेक ना," भिकुबाई म्हणाली.

त्याने फेकली. तलफ मात्र पुष्कळ दिवस येत राहिली. तेव्हा तो लवंग चघळे.

हंगामाच्या शेवटी झुलालने त्याला पारखायला जिनाच्या फाटकाबाहेर आपली बिडी त्याच्यापुढे धरली. समोर आलेली बिडी नाकारणे म्हणजे माणसाला नाकारणे. पितांबरने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि परत दिली. झुलालने कापसाच्या कोठाराची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

मित्रांनो, घरात कुणी बिडी सोडत असेल, तर त्याची थट्टा करू नका. औषध डॉक्टर सांगतील तसेच घ्या. आणि माझ्यासारखी बाटली रिकामी झाली, तरी तिच्यात रॉकेल भरू नका.