तळातलं बोलणं

"काका, श्वास घ्या! घ्या म्हणते ना!"

काचेच्या नळीत उताणा पडलेल्या काळुरामने डोळे मिटून गाल फुगवले होते. कानांत दडे बसले की छाती बंद करायची, हे त्याच्या अंगातच मुरलेलं. उभा जन्म त्याने धरमतरच्या खाडीत रेतीसाठी डुबी मारली होती. बांबू धरून तळाला जायचं, बालदी भरायची आणि रोखलेल्या श्वासावरच वर यायचं.

मालू सिस्टरने थोडासाच चढवलेला दाब हळूहळू उतरवला आणि नळीचं दार उघडलं. डॉक्टर तिथेच उभे होते.

"आत ऑक्सिजन आहे, पाणी नाही," ते म्हणाले. "तो अंगात मुरला की घशाच्या गाठीवर किरणांचा शेक जास्त लागू पडेल, अशी आशा आहे. म्हणून शेकाच्या आधी रोज ही नळी. पण दाब उतरताना श्वास रोखलात तर फुफ्फुस फाटेल. उद्याही असंच झालं, तर नळी बंद. नुसता शेक देऊ."

"नुसत्या शेकानं जाईल गाठ?"

"मोठी आहे," डॉक्टर एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशीही, ऑक्सिजनमध्ये आगीची भीती म्हणून, मालूने त्याला साबणाने केसांतलं तेल काढायला लावलं, सुती कपडे दिले आणि सांगितलं, "आज आत बोलत राहायचं. बोलणाऱ्याला श्वास रोखता येत नाही."

"काय बोलू गो बाय?"

"काहीही. घरी बोलता तसं."

घरी तो कोणाशी बोलत नव्हता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा डोलवीला कंपनीत. शिफ्टवरून आला की जेवून झोपायचा. सून ताट ठेवून निघून जायची. इथे मुंबईत, धर्मशाळेत, तर तो एकटाच होता.

दार लागलं. दडे बसू लागले, छाती आवळली.

"बोला काका!" स्पीकरमधून मालूचा आवाज आला.

"गुणाजी... माझा होडीवाला. मी तळाला, नि ह्यो वर बिडी पेटवून बसलेला. मी दोर हलवतोय, हलवतोय, ह्याला पत्ता नाय. मंग वर आलो नि बालदीच ओतली त्याच्या डोक्यात."

"मग?"

"म्हनतो कसा, रेती तेवढी झाडून घे, वाया नको घालवू."

मालूचं हसू नळीभर झालं. दाब उतरला, कान मोकळे झाले, तरी काळुराम बोलतच होता.

मग रोजचंच झालं. धर्मशाळेत जेवताना तो उद्याचं बोलणं जुळवायचा. बायको गेली त्या साली एकदा तळालाच बसून राहावंसं वाटलं होतं, तेही त्याने सांगितलं. मालू माइकजवळ सरकली. मग म्हणाली, "ऐकतेय मी."

शेकाने घसा सोलवटत गेला. पाणीसुद्धा टोचायचं. एके दिवशी नळीत त्याने तोंड उघडलं, तर आवाजच निघाला नाही. छाती पुन्हा आवळू लागली.

"आज मी बोलते," मालू म्हणाली. "तुम्ही फक्त ऐका, नि श्वास चालू ठेवा. मी रोह्याची. माझी बहीण रंभा नवऱ्याशी भांडून माहेरी यायची, कोंबडी खायची नि परत जायची. आई म्हणायची, भांडण कसलं, हिला कोंबडी हवी असते!"

काळुरामची छाती आवाज न करता हसली. मालूला तेवढं पुरलं.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी गळा चाचपला. "गाठ बरीच बसलीय. पुढचं पुढे बघू. आता नळी नको, घरी जा."

तो धर्मशाळेतून पिशवी घेऊन परत आला. निरोप घ्यायचा होता. आवाज नव्हता, पण हात जोडता आले असते.

नळीत दुसरा माणूस होता. मालू माइकवर वाकून विचारत होती, "अहो, पण म्हैस सापडली का शेवटी?" तिची नजर त्या माणसाच्या छातीवरून हलत नव्हती.

काळुराम पुढे गेला नाही. भिंतीला लागून उभा राहिला. म्हैस सापडली, तेवढं ऐकलं, आणि पावलांचा आवाज नको म्हणून चपला हातात घेऊन निघाला.