होत असे

स्वयंपाकघराचा दगडी उंबरा मधोमध झिजलेला नव्हता. झीज डाव्या अंगाला होती. उजव्या हातात दुधाची बादली असली की माणूस डावीकडे कलतो, आणि चार पिढ्यांचं दूध याच उंबऱ्यावरून आत आलं होतं. आज आत्या रिकाम्या हातांनी, चौकट धरून तो ओलांडत होती.

शेतावरचं हे जुनं घर लोकांना बघता यावं म्हणून जतनासाठी दिल्यापासून गोठ्याला, कोठाराला दोऱ्या आणि पाट्या लागल्या होत्या. ‘येथे जनावरे बांधली जात असत.’ ‘येथे धान्य साठवले जात असे.’ स्वयंपाकघराची पाटी आली तेव्हा मात्र आत्या उसळली होती. “स्वयंपाक होत असे? मी काय भूत आहे? होतो म्हणा, होतो!” पाटी गाडीत परत गेली, ती तिथेच राहिली.

घर बघायला आलेल्या एका बाईने दारातून डोकावून विचारलं, “आजी, तुम्ही रोज बसता इथे, की फक्त सुट्टीच्या दिवशी?”

“रोज. पगार तेवढा मिळायचा राहिलाय.”

लोकांना घर दाखवणारी भाची हसू दाबत त्या बाईला पुढे घेऊन गेली.

दुपारी पाटीवाला आला. “आत्याबाई, काय ते एकदा सांगून टाका. हो की नाही?”

“बसा आधी. चहा टाकते.”

बसताना आधाराला त्याचा हात चुलीवर टेकला. चटका बसल्यासारखा त्याने तो झटकन उचलला. मग हळूच पुन्हा टेकवला. चूल गार होती.

तेवढ्यात भाची आत आली, आणि त्याला पाहून तिने हातातली पिशवी पाठीमागे घेतली.

“लपवतेस काय?” आत्या म्हणाली. “डबाच आहे, चोरीचा माल नव्हे.”

“तसं नाही गं आत्या...”

“तसंच आहे. गुडघे वाकेनासे झाले तेव्हापासून तुझ्या हातचं खातेय. मिठाचा तुझा हात अजून बसला नाही, तरी खातेय.”

तिने फडकं घेतलं. चुलीच्या कडेला राख नव्हतीच, तरी कड पुसली. फडक्याची घडी घातली.

“पाटी गाडीत आहे?”

“आहे. पण आत्याबाई, घाई नाही. म्हणाल तर ‘होतो’ लिहून आणतो.”

“नको,” आत्या म्हणाली. “‘होत असे’च बरोबर आहे. लावा.”