साळूचा आखूड हात

"पाय वाढत्यात, केस वाढत्यात, जीभ तर बोटभर रोजची वाढत्येय. पर या घरातल्या पोरीचा हात काय वाढंना, बया."

भागूबाई हे तव्यावरच्या भाकरीला सांगत होती. पण स्वैपाकघर एवढंसं, की भाकरीला सांगितलेलं शेजारी पीठ मळणाऱ्या सुनेला ऐकू आल्यावाचून राहत नसे. राहीबाईनं ऐकलं आणि परातीतला गोळा जरा जास्तच रगडला. याला भांडण म्हणता आलं नसतं. सासू पुढचं वाक्य कधी बोलत नसे आणि सून ते कधी विचारत नसे.

आज गुरुजी यायचे होते.

शाळा उघडायच्या आधी ते तिसगावहून सायकलवर येत आणि घरोघर हिंडून पहिलीची पोरं गोळा करत. साल एकाहत्तर. गावात विजेचे खांब येऊन पडले होते, तारांचा पत्ता नव्हता, तिथं जन्माचा दाखला कुणाच्या घरात असणार? पोर शाळेजोगं झालं का हे ठरवायची रीत एकच. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. कान हाताला लागला की पोर सहाचं झालं. गुरुजी एक जून ही जन्मतारीख लावून मोकळे होत. त्यामुळं निम्मं गाव एकाच दिवशी जन्मलेलं होतं.

साळूचा हात मात्र गेली दोन वर्षं कानाला लागला नव्हता.

लागेल कसा? राहीबाईनंच तिला शिकवलं होतं, न्हाऊ घालताना, मोरीचं दार लोटून. "खांदा आत वढ. मान ताठ ठेव. पंजा टाळूवरच थांबव. हां, आसं." साळू गुणाची पोर. एकदा सांगितलं की करायची, आणि इतकं नेमकं करायची की आईच तो हात धरून खाली घ्यायची. एरवी त्याच हातानं ती शिंक्यातला गूळ काढायची, तो भाग वेगळा.

साळू मांडीवर होती तेव्हाची गोष्ट. थोरली छबू पहिलीत गेली. नवी पाटी मिरवत गेली. दिवाळीआधी शाळेतून गोवर घेऊन आली आणि आठवडाही निघाला नाही. त्यानंतर घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. पोरींचा बाप भिमाजी 'त्या साली' म्हणायचा. भागूबाई 'ते झाल्यावर' म्हणायची. राहीबाई मात्र शाळेची घंटा कानावर आली की हातातलं टाकून साळू कुठंय ते आधी बघायची.

ती काही वेडी नव्हती. परकर दर सणाला वर चढतोय हे तिलाही दिसत होतं. साळूच्या जोडीची पोरं दुसरीत जाऊन पाढे ओरडत होती आणि साळू दारात बसून त्यांच्यामागं ते पुटपुटत होती, तेही ऐकू येत होतं. पाठवावं तर जीव थाऱ्यावर राहत नाही, न पाठवावं तर पोरीचा जन्म चुलीपुढं जातो. एकदाच खोटं बोलली असती तर विसरून तरी गेली असती. पण हे खोटं दर साली नव्यानं उभं करावं लागे, आणि ते साळूसारखंच वाढत होतं.

बरं, कुणाला कळत नव्हतं असंही नाही. गेल्या साली हात टाळूवर अडला, गुरुजी "बरं" म्हणून उठले, आणि तेवढ्यात साळूच्या डाव्या कानाशी माशी बसली. पोरीनं उजवा हात डोक्यावरून घालून खुशाल कान खाजवला. सगळ्यांसमोर! गुरुजी सायकलीची चेन बघायला लागले. भिमाजी बैलाच्या शिंगाकडं बघायला लागला. भागूबाईला एकदम खोकला आला. राहीबाईला वाटलं होतं, आता कुणीतरी शिवी हासडावी, दोन ठेवून द्याव्यात, म्हणजे सुटेन. पण सगळ्यांनी तिच्यावर दया केली होती, आणि दयेतनं बाहेर पडायला कुठं दार असतं?

सायकलीची घंटी वाजली. भिमाजीनं ओसरीवर घोंगडी टाकली. राहीबाईनं गूळपाणी दिलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"काय साळूबाई, यंदा येणार ना शाळेत?" गुरुजी म्हणाले.

साळूनं आईकडं पाहिलं.

"ल्हानच हाय अजून, गुरुजी," राहीबाई म्हणाली. "अंगानं लई बारीक."

"बघू तर. घाल हात."

साळूनं हात घातला. खांदा आत, मान ताठ. पंजा टाळूवर येऊन थांबला. गुरुजींनी त्या हाताकडं पाहिलं, मग दारातल्या बाईकडं. छबूलाही त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी पंच्यानं कपाळ पुसलं.

"राहू द्या. पुढच्या वर्षी बघू."

राहीबाईनं चौकट सोडली. कुडापलीकडून शेजारीण कडूबाई म्हणाली, "गुरुजी, ही पोर बोहल्यावर हुबी ऱ्हायली तरी हिचा हात न्हाई पुरायचा!"

सगळे हसले. हसायला काहीतरी मिळालं म्हणून जरा जास्तच हसले. भिमाजी उठून सायकल धरायला गेलासुद्धा.

साळू हसली नाही. तिचा हात तसाच डोक्यावर होता.

"खाली घे गं हात," राहीबाई म्हणाली. "झालं आता."

साळूनं घेतला नाही.

"साळे, आईकतीस का न्हाई? गुरुजी निघाले."

"मग पुढच्या साली बी आसंच करू?"

"काय बोलती ही?" भागूबाई पुढं झाली. "चल घरात. चल, गूळ देते."

"मला गूळ नगं." साळू आईकडं वळली. तिचा सूर चढला नव्हता, रडकाही नव्हता. न्हाताना खांदा दुखला की विचारायची, तसंच तिनं विचारलं.

"आई, छबूताई मेली म्हनून मी आजून कितीक वर्सं ल्हान ऱ्हाऊ?"